शुक्रवारचा शिरा

ज्या खेळात खेळण्यापेक्षा धुण्यालाच जास्त वेळ लागतो, त्या खेळात किस्से साठले नाहीत तरच नवल. दोह्याबाहेरच्या एका रेंजवर दर शुक्रवारी सकाळी आम्ही ठासणीच्या बंदुकांनी नेमबाजी करतो. नळीच्या तोंडातून आधी पावडर ओतायची, त्यावर फडक्यात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची आणि मग चाप ओढायचा. गोळी क्षणात जाते. ती भरायला दोन मिनिटं लागतात, आणि शेवटी बंदूक गरम पाण्याने धुवायला तासभर. नाही धुतली तर संध्याकाळपर्यंत गंज.

भरताना बोलायचं नाही हा आमच्याकडे कायदा आहे, त्यामुळे सगळ्या सकाळचं बोलणं धुण्याच्या टेबलावर उतरतं. माझा नवरा म्हणतो, "तुम्ही बंदुका धुवायला जाता. मधे वेळ मिळाला तर शूटिंग करता."

खरं सांगायचं तर परभणीहून निघताना मी जन्मात बंदूक धरेन असं कुणाला वाटलं नव्हतं. मी एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग बघते. ऑफिसच्या फॅमिली डेला या रेंजवर गेलो होतो, तिथे एका कोपऱ्यातून पांढरा धूर येताना दिसला, काय जळतंय म्हणून बघायला गेले आणि तिथलीच झाले.

* * *

त्या धुरात उभे होते बू राशिद. म्हणजे राशिदचे बाबा, इकडे मोठ्या माणसांना मुलाच्या नावाने हाक मारतात. सत्तरीचे कतारी गृहस्थ, कडक इस्त्रीचा थोब, म्हणजे इथला पांढरा पायघोळ झगा, आणि त्यावर काळे डाग पडू नयेत म्हणून बायकोचा फुलाफुलांचा किचन एप्रन. आजोबांची ठासणीची बंदूक त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, भिंतीवर आहे, आणि लहानपणापासून ते हेच करत आलेत. आमच्याशी ते हिंदी बोलतात. जुन्या बाजारातल्या दुकानदारांकडून उचललेली ती हिंदी, तिला व्याकरण नाही पण वजन भरपूर आहे.

मी पहिली गोळी झाडली तेव्हा समोर धुराची भिंत उभी राहिली. टार्गेट दिसेना. मी अधीर होऊन विचारलं, "लगा क्या? लगा क्या?"

बू राशिद शांतपणे म्हणाले, "धुआँ को जाने दो. धुआँ को कुछ मालूम नहीं."

धूर गेला. टार्गेट कोरं करकरीत होतं. ते म्हणाले, "देखा? धुआँ अच्छा था."

त्यांचा मुख्य कायदा मात्र दुसराच. "जो मारेगा, वही भरेगा." दुसऱ्याने भरलेली बंदूक झाडायची नाही. आत पावडर आहे की नाही, एकदा आहे की दोनदा, हे भरणाऱ्या हातालाच माहीत असतं. एकदा कुणी बडे पाहुणे आले होते. भरून द्या, मी नुसता चाप ओढतो आणि फोटो काढतो, म्हणाले. बू राशिदनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, खजूर दिले. बंदूक काही दिली नाही.

* * *

आमच्या चौकडीतले दुसरे इस्माईलभाई. रत्नागिरीकडचे. दोह्यातल्या अल मन्सूरा भागात त्यांचं किराणा दुकान, आणि निम्म्या दोह्याचं कोकम, कुळीथ आणि मेतकूट तिथून जातं. त्यांच्या वडिलांकडे शेतात रानडुकरं येतात म्हणून परवान्याची ठासणीची होती. लहानपणी त्यांना ती फक्त पुसायला मिळायची. झाडायला मिळाली ती थेट कतारमध्ये, केस पांढरे झाल्यावर.

या खेळात पावडरीवर चमचाभर रवा ओततात. गोळीखालचं फडकं जळू नये म्हणून पावडर आणि गोळी यांच्या मधे काहीतरी कोरडं, बारीक लागतं, आणि जगभरचे लोक त्यासाठी रवाच वापरतात. आमच्या स्टँडवर म्हणून एकेका गोळीपुरत्या मोजून भरलेल्या दोन प्रकारच्या कुप्या असतात, काळ्या टोपणाच्या पावडरच्या आणि पांढऱ्या टोपणाच्या रव्याच्या. सकाळी नऊ वाजता रेंजवर गंधक आणि भाजलेला रवा यांचा मिळून जो वास सुटतो, त्याने मला आजही भूक लागते.

रवा अर्थातच इस्माईलभाईंच्या दुकानातला. आमच्यातला सौरभ, पुण्याचा, आयटीवाला. तो आला आणि महिनाभरात त्याने वेगवेगळ्या रव्यांचं एक्सेल तयार केलं. एका शुक्रवारी जाहीर केलं की सुपरमार्केटमधला रवा इस्माईलभाईंच्या रव्यापेक्षा जास्त एकसारखा आहे.

इस्माईलभाई गज पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "बरां झालां सांगितलंस. आता मीठ, साखर, कांदे, पोहे सगळां थयसूनच घे. उधार देतत काय, तां पण एक्सेलमधी घाल."

पुढच्या शुक्रवारी सौरभच्या कुप्यांमध्ये अल मन्सूराचा रवा होता.

* * *

फडक्याचा किस्सा मात्र माझ्या घरातला आहे. गोळीभोवतीचं फडकं घट्ट विणीचं, शुद्ध सुती आणि नेमक्या जाडीचं लागतं. मी अल मन्सूरातल्या कापड दुकानांत व्हर्नियर कॅलिपर घेऊन फिरले. एका दुकानदाराने तर, "मॅडम, ब्लाउज कितने एम-एम का चाहिए?" असं विचारलं.

त्याच सुमारास सासू-सासरे महिनाभर राहायला आले. सासऱ्यांनी इकडच्या दिवाळीला नेसायला म्हणून नवंकोरं धोतर आणलं होतं. मी ते इस्त्रीला घेतलं, बोटांमध्ये धरलं आणि माझी नियत फिरली. कॅलिपर लावला. अगदी हवी तेवढीच जाडी! मी फक्त एका टोकाचा वीतभर तुकडा घेतला, आणि तो इतका उत्तम चालला की पुढच्या शुक्रवारी दुसरं टोकही घेतलं.

बिंग फोडलं माझ्या लेकीने. शाळेत आजी-आजोबांवर चार वाक्यं बोलायची होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्लिशमध्ये. ती म्हणाली, "एव्हरी फ्रायडे माय मदर बर्न्स माय ग्रँडफादर्स क्लोद्स." टीचरचा मला फोन आला. आवाज फार जपून लावलेला होता. घरी सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं.

आता सासऱ्यांना सांगणं भागच होतं. सांगण्यापेक्षा दाखवावं म्हणून मी त्यांना रेंजवर घेऊन गेले. त्यांच्या डोळ्यांदेखत धोतराचा तुकडा धुमसत पुढे जाऊन पडला. त्यांनी चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "निदान दहाच्या गोलात तरी लागलं का?"

लागलं होतं. ते टार्गेट फ्रेम करून सासरे सांगलीला घरी घेऊन गेले. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाबरोबर ते न विसरता एक धोतर पाठवतात.

* * *

आता शिऱ्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

ठासणीच्या बंदुकीतली सगळ्यात अपमानाची चूक म्हणजे पावडर ओतायलाच विसरणं. रवा ओतला, गोळी ठासली, टोपी बसवली, श्वास रोखून चाप ओढला, की नुसतं 'टक्'. धूर नाही, आवाज नाही. गोळी तळाशी जाऊन बसलेली, आणि ती स्क्रू लावलेल्या गजाने दातासारखी उपटून काढावी लागते. सगळी रेंज बघत असते. पुरावाही समोरच असतो, स्टँडवर काळ्या टोपणाची एक कुपी भरलेलीच.

जो विसरेल त्याने पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना शिरा खिलवायचा, ही शिक्षा इस्माईलभाईंनी काढली. रवा वाया गेला ना, मग त्याची भरपाई रव्यानेच. शिरा स्वतःच्या हाताने करायचा, ही अट बू राशिदनी घातली. सौरभ पहिल्यांदा विसरला तेव्हा हॉटेलातला शिरा डब्यात भरून घेऊन आला. बू राशिदनी एक घास खाल्ला आणि डबा बाजूला सारला. "ये बहुत अच्छा है. तुम नहीं बनाया." बिचाऱ्याला पुन्हा करावा लागला. दुसरा शिरा अगदी वाईट झाला होता. बू राशिदनी दोनदा घेतला.

मीही एकदा शिरा केलाय. इस्माईलभाईंनी तर बऱ्याचदा. बू राशिदनी कधीच नाही. आयुष्यात ते पावडर विसरलेले कुणी पाहिलेले नव्हते. रिकामी झालेली प्रत्येक कुपी ते स्टँडवर उलटी ठेवतात, म्हणजे एका नजरेत कळतं.

* * *

त्यांना एकच गोष्ट जमत नाही. निरोप.

दोह्यात माणसं कॉन्ट्रॅक्टवर येतात आणि कॉन्ट्रॅक्ट संपलं की जातात. आमच्यात एक स्कॉटिश म्हातारा होता, डेरेक. त्याच्या सेंड-ऑफला केक आणला, भाषणं झाली, आणि बू राशिदचा पत्ता नाही. सौरभ शोधायला गेला, तर साहेब पार्किंगमध्ये आपल्या गाडीत एसी लावून बसलेले. काच थोडी खाली करून त्यांनी विचारलं, "गया?"

"गया."

"अच्छा." मग काच आणखी खाली आली. "केक है?"

आम्ही हसलो खरे. पण मग मोजायला लागलो की एवढ्या वर्षांत त्या टेबलावरून किती माणसं उठून गेली असतील, आणि मग कुणी हसलं नाही.

* * *

दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी मी बंदूक धुवायला घेतली होती आणि परभणीहून फोन आला. बाबा गेले. मी हातातलं तसंच टाकून निघाले. पोहोचले तोवर सगळं उरकलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात परत रेंजवर गेले ते मनाशी धरूनच, की नळी गंजून खलास झाली असणार. आमच्यात कुणी दुसऱ्याची बंदूक धूत नाही. कपाटातून काढली तर नळी आरशासारखी. तेल लावलेलं, फडक्यात गुंडाळलेली.

बू राशिद समोर बसले होते. सांत्वनाचा एक शब्द नाही. म्हणाले, "तुम टोपी के नीचे कचरा छोड़ती हो. हर बार छोड़ती हो."

तोवर मी कुठेच रडले नव्हते, घरी नाही, विमानात नाही. तिथे रडले. इस्माईलभाईंनी थर्मासमधला करक, म्हणजे इकडचा घट्ट दुधाचा कडक चहा ओतला आणि माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "पी, बाय. बंदूक खय पळत नाय." या दोन म्हाताऱ्यांचं माझ्यावर जे आहे ते फिटणारं नाही, आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही.

* * *

गेल्या वर्षी इस्माईलभाईंचा उजवा हात थरथरायला लागला. आधी आम्हाला वाटलं दमले असतील. मग टोप्या खाली पडायला लागल्या. मग पावडर. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, औषध आहे, पण फार आशा धरू नका. त्यांनी दुकान पुतण्याकडे सोपवायचं ठरवलं आणि रत्नागिरीचं तिकीट काढलं.

त्यांची इच्छा एकच होती. जाण्याआधी हिवाळ्यातल्या मॅचमध्ये टार्गेटचं एक पूर्ण कार्ड मारायचं. तेरा गोळ्या, अर्ध्या तासात, त्यातल्या उत्तम दहा धरतात. वडिलांच्या बंदुकीने कधी एकही मारायला मिळाली नव्हती आणि गावी आता ती बंदूकही उरलेली नाही. म्हणजे हे झालं तर इथेच, नाहीतर कधीच नाही.

नेम शाबूत होता. बेंचवर बसून, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि हात टेबलावर दाबून धरला की थरथर थांबायची. प्रश्न होता भरण्याचा. कुपी उचलली की निम्मी पावडर टेबलावर.

मी म्हटलं, मी भरते. सौरभ म्हणाला, मी भरतो. इस्माईलभाईंनी मान हलवली. "जो मारेगा वही भरेगा. त्या माणसाचा कायदा हाय. त्याच्यासमोर मी मोडूचंय नाय. मी बघूक येतंय." आणि बू राशिद? ते हे सगळं ऐकत होते. गज पुसत राहिले. मला त्यांचा मनापासून राग आला.

मॅचच्या दिवशी इस्माईलभाई इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खुर्चीत बसले होते. बू राशिदचं नाव पहिल्या रिलेत, म्हणजे पहिल्या तुकडीत होतं. बेंचचा कप गेली कित्येक वर्षं त्यांच्याच मजलिसमध्ये जातो. ते उठले, आणि स्वतःच्या बेंचकडे जायच्याऐवजी रेंज ऑफिसरकडे गेले. रामोन त्याचं नाव, फिलिपिनो, नियमाला पक्का. दोघांचं थोडं बोलणं झालं. रामोन म्हणाला, "हेल्पर अलाउड आहे सर. पण हेल्पर त्या मॅचमध्ये शूट करू शकत नाही."

बू राशिदनी मान डोलावली. एप्रनची गाठ बांधत ते आले आणि इस्माईलभाईंसमोर उभे राहिले.

"इस्माईल. बैठो."

"आणि तुम्ही?" इस्माईलभाई गडबडून मराठीतच बोलले, मग सावरले. "हाथ नहीं चलता, बू राशिद. आपका कायदा..."

"हाथ मेरा. आँख तुम्हारा. यल्ला, टाइम जाता है."

मी शेजारच्या बेंचवर होते आणि माझं माझ्या टार्गेटकडे फारसं लक्ष नव्हतं, हे माझ्या स्कोअरवरून कुणालाही कळेल. बू राशिद पावडर ओतायचे, रवा ओतायचे, गोळी ठासायचे, टोपी बसवायचे आणि एक पाऊल मागे सरकायचे. कुपी उलटी. इस्माईलभाई गालावर बंदूक घ्यायचे. धूर. मग पुन्हा. बारा गोळ्या अशा गेल्या, आणि दुर्बिणीतून पाहिलं तर टार्गेटच्या मध्याजवळ मुठीएवढ्या जागेतच सगळी भोकं पडत चालली होती.

तेरावी. बू राशिदनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. भरली. मागे सरकले. इस्माईलभाईंनी श्वास रोखला आणि चाप ओढला.

टक्.

सगळी लाइन थांबली. स्टँडवर बारा काळ्या टोपणांच्या कुप्या उलट्या होत्या आणि एक सरळ, भरलेली. सौरभने तोंडावर हात दाबला. हसायची कुणाची छाती नव्हती. बू राशिद त्या कुपीकडे बघत उभे होते.

इस्माईलभाई हळूच मागे वळले. "बू राशिद," ते म्हणाले, "शिरा."

मग मात्र अख्खी रेंज हसली, रामोनसुद्धा. दहाच गोळ्या धरायच्या असल्याने कार्ड पूर्णच धरलं गेलं. इस्माईलभाई चौथे आले. चौथ्याला काही मिळत नाही. त्यांनी ते कार्ड घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि दिवसभर वरून चाचपत राहिले.

* * *

शिरा पुढच्या शुक्रवारी व्हायचा, पण इस्माईलभाईंचं विमान बुधवारी सकाळी होतं. विमानतळावर आम्ही होतो, पुतण्या होता, अल मन्सूरातली निम्मी गिऱ्हाइकं होती. बू राशिद येणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे कुणी विषयही काढला नाही. सौरभ मात्र दोनदा पार्किंगमध्ये चक्कर मारून आला.

इस्माईलभाई ट्रॉली ढकलायला लागले, तेवढ्यात काचेच्या दारातून पांढरा थोब आत आला. हातात स्टीलचा डबा. उजव्या अंगठ्याला पट्टी.

डबा तिथेच बाकावर उघडला. शिरा एका बाजूने करपलेला होता, गुठळ्या होत्या, आणि केशर एवढं, की रंग भगवा झाला होता. इस्माईलभाईंनी वास घेतला. "माझ्या दुकानातला रवा," ते म्हणाले. त्यांनी चमचा उचलला. हात थरथरला आणि शिरा शर्टावर सांडला. दुसऱ्यांदाही तेच झालं.

बू राशिदनी त्यांच्या हातातून चमचा काढून घेतला आणि शेजारी बसले.

"पूरी जिंदगी में एक बार नहीं भूले," इस्माईलभाई त्यांच्याकडे बघत म्हणाले. "मेरे ही टाइम कैसे भूल गए?"

बू राशिदनी चमचा भरला, कडेचं करपलेलं बोटाने बाजूला काढलं.

"मुँह खोलो," ते म्हणाले.